चार रामरक्षांचं अंतर

सुहासिनीकाकू तीस वर्षं मँचेस्टरमध्ये राहिल्या, पण सगळं शहर त्यांनी पाहिलं ते गाडीच्या पुढच्या सीटवरून. शेजारी स्टिअरिंगला कमलाकरकाका. डॉक्टरकीतून निवृत्त झाले तरी घाई काही सुटली नव्हती. दर गुरुवारी प्रेस्टविचला नीनाकडे पाच भजनं आणि शेवटी आरती असे. काका दारात गाडी उभी करून बसत आणि तिसरं भजन सुरू झालं की हॉर्न वाजवत. आरती काकूंच्या वाट्याला कधी आलीच नाही.

२००४च्या श्रावणात काकूंनी सांगून टाकलं, "अहो, आता मी ट्रामने जाईन."

"एकटी? अकराच्या आत पोचून दाखव. मग मी किल्लीला हात लावणार नाही."

दोनदा काका बरोबर येऊन बसले. ते स्टेशनांची नावं पाठ करून घेत होते. काकूंनी मनातल्या मनात आपलं माप काढलं. घराजवळच्या सेल स्टेशनवर चढायचं, डोळे मिटून रामरक्षा सुरू करायची. चौथी संपली की प्रेस्टविच. दोन्ही वेळा अगदी बरोबर आलं. मग नावं कशाला लक्षात ठेवायची?

तिसऱ्या गुरुवारी काकू शिऱ्याचा डबा मांडीवर घेऊन एकट्या निघाल्या. ओल्ड ट्रॅफर्डला शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी विचारलं, "डब्यात काय आहे हो? वास फार छान येतोय." न बोलणं बरं दिसेना. काकूंनी शिरा म्हणजे काय ते समजावलं आणि खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. जरा वेळाने तिकीट तपासनीस आला. पुन्हा खंड, पुन्हा पहिल्यापासून. घरच्या देवापुढे हा नियम कधी मोडला नव्हता, तो ट्राममध्ये कसा मोडायचा?

चौथी रामरक्षा संपवून त्यांनी शांतपणे डोळे उघडले. डबा रिकामा झाला होता, शिऱ्याचा नव्हे, ट्रामचा. बाहेर पाटी होती: बरी. म्हणजे शेवटचं स्टेशन. ड्रायव्हर आपली पिशवी घेऊन दुसऱ्या टोकाला चालला होता.

घड्याळात अकराला दहा कमी. काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि डोळे टक्क उघडे ठेवले. परतताना आलेली एकेक पाटी लहान मुलीसारखी अक्षरं लावून वाचली. रॅडक्लिफ. व्हाइटफील्ड. प्रेस्टविचला उतरल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

नीना दारातच होती. "काकू, काकांचा फोन येऊन गेला. मी म्हटलं, काकू हात धुतायत."

"अगं, देव समोर मांडलाय आणि खोटं बोलतेस? दे इकडे फोन."

काकूंनी सगळं सांगितलं, अगदी बरीपर्यंत.

काकांनी विचारलं, "बरीहून कुणी आणून सोडलं?"

"कुणी नाही. पाट्या वाचत आले."

"कुणाला विचारलंही नाहीस?"

"तोंडच उघडलं नाही."

काकांनी सुस्कारा सोडला. "मी बरोबर असतो तर तू अजून नावं शिकली नसतीस. ये आरती करून, ट्रामनेच."

काकूंनी फोन ठेवला आणि नीनाला म्हणाल्या, "सुरू करा गं. आज पाचही भजनं म्हणू."