केसांचं गणित आणि आमचं वऱ्हाड

माझी नात संगिता गणितात एम.एस्सी. झाली, सेट नावाची परीक्षा पास झाली आणि पीएचडीला लागली, त्याचा पहिला फायदा आमच्या कोंबड्यांना झाला. मस्करी नाही, खरं सांगतो. तिचं कामच असं होतं की अंगणातल्या खाटेवर बसायचं आणि हवेत बघायचं. बुधी, म्हणजे माझी बायको, तिला म्हणायची, "बसलीच हायस तर भात तरी राख." वाळत घातलेला भात समोर, हातात काठी, आणि पोरगी हवेत. कोंबड्या यायच्या, पोटभर खायच्या, पोरांना घेऊन परत यायच्या. त्या वर्षी रानशेत गावात आमच्यासारख्या जाड कोंबड्या कुणाच्या नव्हत्या.

मी स्वतः सातवी शिकलो. आमचे गुरुजी वजाबाकी आंब्यांवर शिकवायचे. दहा आंबे मांडायचे, तीन खायचे, उरले किती? मग आणखी दोन खायचे. त्यामुळे आमची वजाबाकी पक्की झाली आणि बेरीज जन्मभर कच्ची राहिली. सांगायचा मुद्दा हा की गणिताची मला भीती नाही. एकदा मी संगिताला विचारलं, "तू नक्की कशावर अभ्यास करतेस?"

ती म्हणाली, "आजा, अशा जागा असतात की तिथे अंतर मोजता येत नाय, पण कोण कुणाच्या जवळ ते सांगता येतं."

"म्हणजे आपला पाडा," मी म्हटलं.

तिने वहीत काहीतरी लिहिलं. पीएचडीत माझं नाव येणार का, हे मी अजून विचारलेलं नाही.

तर नोकरी. कॉलेजात शिकवायची नोकरी मिळावी म्हणून ही पोरगी पेपरातल्या जाहिराती कापायची, झेरॉक्स काढायची, प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरून एसटीने कुठे कुठे जायची. लातूरला गेली, कोल्हापूरला गेली. सगळीकडे तेच. मुलाखतीत तिथले साहेब सांगायचे, "पाच मिनिटं शिकवून दाखवा." संगिता फळ्याकडे तोंड करायची आणि तिथून पुढे फळ्याशीच बोलायची. आवाज बारीक, पाठ लोकांकडे. एका ठिकाणी तिने सगळं शिकवलं, खडू ठेवला, वळून बघितलं, तर खोलीत कुणीच नाही. साहेब लोक चहाला गेलेले. एकटा शिपाई कप गोळा करत होता. तो म्हणाला, "झालं का मॅडम? पंखा बंद करू?"

घरी येऊन हे सांगताना ती हसत होती. बुधीने तिच्या ताटात जास्तीची भाकर वाढली. हसणं कसलं आहे, ते आजीला कळतं.

माझा मुलगा प्रविण, तिचा बाप, उंबरगावला प्लॅस्टिकच्या कंपनीत कामाला आहे. २०१८ च्या मे महिन्यात तो म्हणाला, "बस झालं. साहेबांशी बोललोय. सोमवारपासून पॅकिंगला ये." संगिता म्हणाली, "बाबा, शनिवारी तलासरीकडच्या कॉलेजात मुलाखत आहे. तासिका तत्त्वावर, पण शिकवायचं आहे. तेवढी देऊ दे." प्रविण म्हणाला, "दे. पण सोमवार म्हणजे सोमवार." आणि कंपनी लागली की पीएचडी कुठली? बारा तास डब्यांना झाकणं लावल्यावर हवेत बघायला डोळे उरतात का?

मी म्हटलं, "पोरी, सराव कर."

ती म्हणाली, "फळा कुठाय आजा?"

फळा नव्हता. पण बुधीने त्याच आठवड्यात कुडाची बाहेरची भिंत गेरूने सारवलेली होती. लालभडक, गुळगुळीत. खडू संपला होता, पण भाकरीसाठी तांदळाचं पीठ होतं. संगिताने पीठ पाण्यात कालवलं, बांबूची काडी चावून मऊ केली आणि भिंतीवर मोठा चौकोन काढला. चौकोनात खोके. खोक्यांत गोल गोल डोकी.

आता आमच्याकडचं कुणीही सांगेल की लग्नसराईत लाल भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा चौक, म्हणजे देव आणि घोडा असलेलं लग्नाचं चित्र, उठला म्हणजे काय. त्या घरात लग्न आहे. आणि हे माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या लक्षात येऊ नये? मी समोर बसून म्हणत होतो, "वा, काय सरळ रेघ आली!"

वाटेने रखमी चालली होती. रखमी म्हणजे पाड्यातल्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींत सगळ्यात मानाची. तिच्याशिवाय कुणाच्या भिंतीवर काडी लागत नाही. तिने चौक बघितला, थांबली, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. रखमी एक शब्द न बोलता जाते तेव्हा पाड्याने घाबरावं.

उन्हं उतरली तसा सगळा पाडा आमच्या अंगणात. कुणी सुपात तांदूळ आणलेले, कुणी कोंबडी आणलेली. लडक्या, माझा लहानपणापासूनचा दोस्त, गळ्यात ढोल अडकवून पुढे. लडक्याच्या डोक्यावर एक केस नाही, माझ्याही नाही. आम्ही दोघं उन्हात बसलो की बुधी म्हणते, "दोन तांबे घासून ठेवले."

"शुक्रादादा," रखमी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नातीचं लगीन ठरवलंस, बरं केलंस. पण चौक लिहायला मला बोलावलं नाय? कुणी लिहिला हा? देव कुठाय यात? घोडा कुठाय? आणि माणसांना नुसती डोकी? पाय काय उंदरांनी नेले?"

"काकी, लगीन नाय," संगिता रडकुंडीला आली. "गणित आहे. मला फक्त डोकीच पाहिजेत. केसांसाठी."

"कसल्या केसांसाठी?"

संगिता वळून भिंतीकडे गेली, तर रखमी आडवी. "भिंतीला हात लावायचा नाय. आधीच वाट लावलीस. जे सांगायचं ते इथे, माझ्या तोंडाकडे बघून सांग."

आणि मंडळी, पोरीने सांगितलं! करणार काय? भिंत रखमीने अडवलेली, मागे ढोल, पुढे पाडा.

"काकी, माणसाच्या डोक्यावर जास्तीत जास्त किती केस असतील? धरून चाल पाच लाख. आपल्या पालघर जिल्ह्यात माणसं किती? तीस लाखांच्या आसपास. मी म्हणते की कुणातरी दोघांच्या डोक्यावर अगदी सारखेच केस आहेत. एकही कमी नाय, एकही जास्त नाय. आणि हे एकही केस न मोजता सांगते."

"न मोजता?" लडक्याने ढोल खाली ठेवला.

संगिताने तीन टोपल्या मागितल्या आणि लग्नासाठी आलेल्या कोंबड्यांतल्या चार घेतल्या. या युक्तीला इंग्रजीत कबुतरांवरून नाव आहे म्हणे, पण आमच्याकडे ऐनवेळी कबुतरं कुठून आणणार? तीन टोपल्यांत चार कोंबड्या कोंबल्या. एका टोपलीत दोन झाल्याच. "पुन्हा कर," म्हाताऱ्या म्हणाल्या. पुन्हा केलं. पुन्हा दोन. टोपल्या बदलल्या, कोंबड्या बदलल्या. सुटका नाही.

"आता टोपल्या पाच लाख," संगिता म्हणाली. "एक केसवाल्यांची टोपली, दोन केसवाल्यांची टोपली, अशा पाच लाखांपर्यंत. आणि त्यात तीस लाख माणसं घालायची. मग?"

"खचाखच," रखमी म्हणाली.

लडक्या उठला. "एवढा जिल्हा कशाला गोळा करतेस पोरी? मी आणि तुझा आजा. त्याच्या डोक्यावर काय नाय, माझ्या डोक्यावर काय नाय. सारखेच! झालं गणित, आता जेवण वाढा."

संगिता हसली. अशी हसली की खाली बसली. सगळ्यांकडे तोंड करून, दात दाखवून. मग डोळे पुसत म्हणाली, "बरोबर आहे काका. पण टकले सोडून सांगायचं आहे."

"आम्हाला सगळीकडे सोडतातच," लडक्या म्हणाला आणि बसला.

तांदूळ आले होते, कोंबड्या आल्या होत्या, तेव्हा जेवण झालंच. लग्नाशिवाय लग्नाचं जेवण! त्यानंतर रोज संध्याकाळी पाडा यायला लागला. पोरगी बोलायची, पाडा भांडायचा. रखमीचा प्रश्न एकच. "माझ्याएवढे केस कुणाला आहेत, तिचं नाव सांग."

"काकी, कुणातरी दोघांची जोडी आहे, एवढंच नक्की. त्यात तू आहेस असं नाय."

"म्हणजे सगळ्या जिल्ह्याला जोडी आणि मला नाय? माझ्यात काय कमी आहे?"

हे भांडण मिटायच्या आधीच शनिवार उजाडला. संगिता पहाटेच्या एसटीने एकटीच गेली. जाताना माझ्या पाया पडली, म्हणाली, "आजा, तिथे तर फळा मोकळाच असणार रे. आडवं कोण येणार?"

तेवढंच वाक्य मी जाऊन रखमीला सांगितलं. रखमी म्हणाली, "चौक लिहिलेल्या घरातली पोर एकटी पाठवलीस? वऱ्हाड नाय?" अर्ध्या तासात पाड्यातल्या दिपकचा टेम्पो उभा. दिपक एरवी त्यात चिकू भरतो, म्हणून आम्ही सगळे चिकूच्या वासाने घमघमत निघालो. बुधीने नवं लुगडं नेसलं. लडक्याने ढोल घेतला आणि डोक्यावर टोपी घातली, कारण मुलाखत म्हणजे सभ्य ठिकाण.

आता आमच्या भागात टेम्पोतून माणसं उतरली, कॉलेजच्या फाटकाच्या आत शिरली आणि सवयीने रांगा करून जमिनीवर बसली, तर ऑफिसातल्या माणसाला काय वाटणार? आतून एक क्लार्क धावत आला.

"मोर्चा कुणाचा? आधी कळवलं नाही?"

"मोर्चा नाय," बुधी म्हणाली, "वऱ्हाड."

त्याने सगळ्यांकडे बघितलं, मग कॉलेजच्या पाटीकडे बघितलं. "निवेदन आणलंय का?"

"नाय," लडक्या म्हणाला, "ढोल आणलाय."

"प्राचार्य मुलाखती घेताहेत. तुमची मागणी काय, ती मला सांगा."

रखमी उभी राहिली. "माझी मागणी आहे की माझी जोडी कोण ते सांगा."

क्लार्क खुर्ची आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मुलाखतीची खोली तळमजल्यावरच होती. खिडक्या उघड्या. आम्ही गजांना जाऊन चिकटलो. आत मोठा काळा फळा, टेबलामागे प्राचार्य, आणि त्यांच्या शेजारी विषयातले जाणकार म्हणून बोलावलेले श्यामकांत सर, डहाणूचे. आणि आमची संगिता? फळ्याकडे तोंड, पाठ लोकांकडे, आवाज चिमणीएवढा. प्राचार्य घड्याळ बघत होते. माझं काळीज टोपलीतल्या चौथ्या कोंबडीसारखं झालं.

श्यामकांत सर म्हणाले, "एक मिनिट मॅडम. तुमच्या म्हणण्याप्रमाणे सारख्या केसांची एक जोडी नक्की आहे. मग प्रत्येकाला जोडी असेलच का?"

"हेच! हेच मी आठवडाभर विचारते!" खिडकीतून रखमी ओरडली. "साहेब, सोडू नका तिला!"

संगिता गर्रकन वळली. खिडकीत अख्खा पाडा, गजातून नाकं आत. प्राचार्य उभेच राहिले.

"काकी!" संगिता ओरडली, आणि तो आवाज चिमणीचा नव्हता, आमच्या अंगणातला होता. "किती वेळा सांगू? चार कोंबड्या, तीन टोपल्या. एका टोपलीत दोन, बाकीच्या दोन टोपल्यांत एकेक. त्या एकट्या कोंबड्यांना जोडी कुठाय? तू एकटी कोंबडी असशील! त्यात कमीपणा काय?"

"एकटी पण टोपली माझी एकटीची ना?"

"तुझी एकटीची!"

"मग ठीक," रखमी म्हणाली. आठवडाभराचं भांडण तिथे मिटलं.

संगिता तशीच टेबलाकडे वळली आणि पुढचं सगळं साहेबांच्या तोंडाकडे बघून सांगितलं. फळ्याकडे एकदाही गेली नाही. शेवटी म्हणाली, "फक्त टक्कल असलेली माणसं यातून वगळावी लागतात, कारण तिथे उत्तर फार सोपं होतं."

प्राचार्यांनी हळूच शेजारी बघितलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की श्यामकांत सरांचं टक्कल दिव्याच्या उजेडात चमकतंय. संगिताच्याही लक्षात आलं. तिने जीभ चावली. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. सोमवारी पॅकिंग.

इतक्यात लडक्याने खिडकीत टोपी काढली आणि मान वाकवून आपलं डोकं गजांच्या मधे धरलं.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला सोडतातच. पण तुमची जोडी मी आहे. हा शुक्रा तिसरा."

श्यामकांत सरांनी आपल्या डोक्यावरून हात फिरवला, लडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. ते हसले म्हणून प्राचार्य हसले. क्लार्क दारातून डोकावला, तोही काही न कळता हसला. हसणं ओसरल्यावर सर म्हणाले, "मॅडम, वर्गात पोरं यापेक्षा जास्त गडबड करतात. जमेल?"

"जमेल सर," संगिता म्हणाली. "ही तर रोजची आहेत."

बाकीच्या मुलाखती संपेपर्यंत आम्ही आवारात बसलो. मग प्राचार्य स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून या." आणि आमच्याकडे वळून हात जोडले. "तुम्ही नका येऊ."

तिथे मात्र लडक्याने ढोल वाजवलाच. प्रविणला फोन लावला तर तो म्हणाला, "सोमवार म्हणजे सोमवार, हे मीच सांगितलं होतं ना?" जसं काही सगळं त्यानेच जमवलं.

संगिता आता शिकवते, आणि उरलेल्या वेळात खाटेवर बसून हवेत बघते. कोंबड्यांची चैन चालूच आहे. पण तिला नवीन खोड लागली. लोकांकडे पाठ करायची नाही म्हणजे नाही. हात मागे नेऊन लिहिते आणि फळ्याला टेकूनच बोलते. संध्याकाळी घरी येते ती पाठ खडूने पांढरी करून. बुधी तिला अंगणात उभी करून झटकते. काल रखमी वाटेने चालली होती. ती थांबली, संगिताच्या पाठीकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "चौक पुन्हा चुकलाय. घोडा अजून नाय."