तांबड्या मक्याची सोयरीक

जनकाबाईला द्यायची भारी हौस. घ्यायचं म्हटलं की मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शेजारीण वाटीभर साखर उसनी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत करायला आली, तर ही बाई तिला दारातूनच पिटाळायची. साखरेची ही तऱ्हा, मग बियाण्याचं तर विचारूच नका.

डोंगरकड्याच्या अलीकडं, ओढ्याला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, जळबाचं, थोडंसं रान आहे. रानात सगळ्यांसारखं सोयाबीन, तूर. पण बांधाच्या कडेनं जनकाबाईचा तांबडा मका उभा असायचा. हे बी तिच्या आईचं. दाणा विटकरीच्या रंगाचा, भाकरीला गोड, आणि पावसानं मधेच दडी मारली तरी मान न टाकणारा. गावातली कुठलीही पोरगी नांदायला निघाली, मग ती बौद्धवाड्यातली असो की पाटलाच्या आळीतली, जनकाबाई कणीसभर दाणे तिच्या पदरात बांधायची. बाजारात ओळख झालेल्या बायांनाही द्यायची. असं करत करत तिचा मका सेनगावपासून कळमनुरीपर्यंत सासरी गेला. बदल्यात तिनं कुणाकडून एक दाणा घेतला नाही.

या हट्टाला कारण होतं. लहानपणी ती आईबरोबर दुसऱ्यांच्या खळ्यावर जायची. तिथला मालक आईच्या पदरात धान्य वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. निम्मे दाणे मातीत पडायचे आणि मायलेकी ते वेचत बसायच्या. तेव्हाच पोरीनं मनाशी ठरवलं, की मोठेपणी आपण फक्त देणार, समोरच्याच्या हातात हात घालून देणार, आणि कुणापुढं पदर म्हणून पसरणार नाही. शब्द तिनं पाळला. असा कडक शब्द पाळणाऱ्या माणसाला शहाणपण सांगायला कोण जाणार?

पण मक्याचं काहीतरी बिनसलं. पुरुषभर उंचीच्या वर जाणारं ताट कमरेशी थांबायला लागलं. कणसं बोटभर, त्यात मधे मधे जागा रिकाम्या. जळबा म्हातारा थट्टेखोर. तो म्हणायचा, आता या कणसाला माझ्याएवढेच दात उरले. जनकाबाईनं शेणखत वाढवलं, जागा बदलली, बी राखेत घोळून ठेवलं. काही उपयोग झाला नाही. एका साली सुगीत सगळा मिळून एक टोपलंही भरलं नाही. पुढच्या पेरणीला हे बी उगवलं नाही, तर आईचा मका तिच्या हातून संपणार होता. गावोगाव वाटलेला होता, हे खरं. पण वाटलेलं मागायचं कसं?

त्याच हिवाळ्यात कळमनुरीला गावरान बियाण्यांची जत्रा भरली. भरवणाऱ्या संस्थेत काम करणारी दीक्षा ही कळमनुरीचीच पोरगी, जनकाबाईला मावशी म्हणायची. तिनं मावशीला बळंच एक टेबल दिलं. त्या जत्रेला परदेशातले लहान शेतकरीही आले होते. मेक्सिकोचे एक आजोबा निळ्या मक्याची माळ गळ्यात घालून हिंडत होते आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातून एस्नाथ नावाची बाई आली होती. अंगानं भक्कम, हसली की मंडप हलावा. लोकांनी नाव ऐकून ती नाथपंथी असावी असा निकाल लावून टाकला. तिच्याकडं पांढरा मका होता. त्याची तपासणी, परवानगी सगळं संस्थेनं आधीच उरकलं होतं. तिच्या देशात दोन वेळचं जेवण मक्याचंच, त्यामुळं मक्यातलं तिला कळायचं.

जनकाबाईनं टेबलावर त्यातल्या त्यात धड दोन कणसं मांडली होती. एस्नाथनं ती पाहिली, हातात घेतली, आणि बाकीची कुठं आहेत असं विचारलं. जनकाबाईनं विषय बदलला. एस्नाथ मात्र सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी दीक्षाला घेऊन ती थेट घरी आली.

घरात पत्र्याखालच्या दांडीला तीच दोन कणसं बियाण्यासाठी परत टांगलेली होती. बाकी मका दळून झाला होता. एस्नाथनं पुन्हा विचारलं, दर साली दोनच? जनकाबाईनं अभिमानानं सांगितलं, की व्हय, सगळ्या रानात जी दोन उजवी, तीच. आई जोंधळ्याचं बी असंच धरायची, एक नंबरचं कणीस निवडून. एस्नाथनं कपाळाला हात लावला आणि ती मटकन खाली बसली. दीक्षा मधे बसून दोघींचं बोलणं इकडून तिकडं पोचवत होती.

एस्नाथनं विचारलं, की तुमच्यात सख्ख्या भावाबहिणींची लग्नं लावतात का? जनकाबाई उखडलीच. तेव्हा एस्नाथ म्हणाली, मग मक्याची काहून लावता? जोंधळ्याचं जमून जातं, तो बराचसा आपल्या आपल्यात भागवतो. मक्याला वाऱ्यावरून दुसऱ्या ताटाच्या तुऱ्याचा पराग लागतो. दोन कणसांचीच लेकरं वर्षानुवर्षं एकमेकांत वाढली, तर घराणं खुरटणारच. तिच्या आईच्या मक्याचंही असंच झालं होतं. निदान शंभर ताटांचं बी एकत्र करावं लागतं, आणि तेही जमलं तर वेगवेगळ्या रानांतलं.

जनकाबाईनं दांडीवरची ती दोन कणसं खाली काढली. चूक तिची होती, आणि ती चूक तिनं चांगल्यातलं चांगलं निवडायच्या नादात केली होती. मग एस्नाथनं विचारलं, हा मका अजून कुणाकडं आहे? किती गावं आहेत ते ऐकल्यावर तिनं टाळीच वाजवली. म्हणाली, मग रडायचं कशाला, जा आणि घेऊन या.

"दिलेलं मागायचं न्हाई आमच्याकडं," जनकाबाई म्हणाली.

त्यावर एस्नाथ जे बोलली, ते सांगताना दीक्षाचाही आवाज उतरला. "मावशी, ह्या म्हणून राहिल्या, त्यांच्या गावात बी दिलं की परत घेतातच. जी परत घेत न्हाई, ती दुसरीला म्हणते, मला तुझी गरज न्हाई. तुमी त्या पोरींना काहून परकं केलं?"

या प्रश्नानं जनकाबाईची झोप उडाली. दोन दिवस तिनं जळबाशी नीट भांडणही केलं नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि सेनगावची जीप धरली.

सेनगावजवळच्या तांड्यावर जिवनबाई राहते. लभाण समाजाची, तोंडानं फटकळ. बऱ्याच वर्षांपूर्वी बाजारात ओळख झाली तेव्हा जनकाबाईनं तिला ओंजळभर मका दिला होता. पुढच्याच सुगीला जिवनबाई पिशवीभर मका घेऊन डोंगरकड्याला आली होती आणि जनकाबाईनं, रीतीप्रमाणं, तिला तसंच माघारी धाडलं होतं. तेव्हापासून दोघी बाजारात दिसल्या तरी जिवनबाई तोंड फिरवायची. जनकाबाईला वाटायचं, असेल स्वभाव.

तांड्यावर जिवनबाईच्या ओसरीला माणसाएवढ्या उंचीवर मक्याच्या माळाच माळा होत्या. तांबडी, भरलेली, हातभर कणसं. आपलाच मका असा दिमाखात बघून जनकाबाईचे पाय जागीच थांबले. जिवनबाई बाहेर आली. ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. जनकाबाईनं सगळं धड सांगितलंही नव्हतं, फक्त थोडं बी पाहिजे एवढंच म्हणाली, तर जिवनबाईचे डोळे भरून आले.

"आज आलीस व्हय?" ती म्हणाली. "त्या टायमाला माह्या हातचा एक दाना घेतला न्हाईस. मी समजले, तांड्याचं तुला चालत न्हाई."

वरून पडणारं धान्य, मातीतले दाणे, आईची वाकलेली पाठ, सगळं जनकाबाईच्या डोळ्यांपुढून गेलं. जे आपल्याशी झालं ते कुणाशी होऊ नये म्हणून जन्मभर दिलं, आणि एका बाईला नेमकं तेच वाटायला लावलं. तिला रडू कोसळलं. रडत रडतच तिनं खरं काय ते सांगितलं, आईचं, खळ्याचं, स्वतःच्या शब्दाचं. जिवनबाईनं ऐकून घेतलं, शिव्यांची एक फैर झाडली आणि पदर धर म्हणाली.

जनकाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा पदर पसरला. जिवनबाईनं त्यात वरून काही टाकलं नाही. ओंजळ पदरात टेकवून, हाताला हात लावून, अनेक माळांतले थोडे थोडे दाणे भरले. मग दोघी एका ताटात जेवल्या.

त्यानंतर जनकाबाईला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. जीप, एसटी, जे मिळेल त्यानं ती गावोगाव फिरली. ज्या पोरींच्या पदरात तिनं मका बांधला होता, त्यांना आता सुना आल्या होत्या. कुणाच्या रानात दाणा गडद झाला होता, कुणाच्यात ताट आखूड पण चिवट झालं होतं. एकीनंही नाही म्हटलं नाही. उलट, आमच्याकडं आधी काहून आली नाहीस म्हणून रुसणाऱ्याच जास्त. जळबा म्हणाला, ही बाई जन्मभराची वसुली एका उन्हाळ्यात करून राहिली.

सगळं बी परातीत एकत्र केलं आणि पेरणीला टोकलं. एस्नाथ जाताना दीक्षाकडं ठेवून गेली होती तो मूठभर पांढरा मकाही मागून आणून टोकला, पण ओढ्यापल्याड आणि महिनाभर उशिरा, म्हणजे दोघांचे तुरे एका वेळी यायला नकोत. ही युक्ती एस्नाथचीच.

आणि काय मका आला! ताटं जळबाच्या डोक्यावरून गेली. खुरपायला आत गेलेल्या बायांना हाका मारून शोधावं लागायचं. कणीस सोलावं तर टोकापर्यंत दाणा, बोट शिरायला जागा नाही. जनकाबाई बांधावर उभी राहून मोठ्यानं हसली, एकटीच.

सुगीला अंगणात तांबड्या मक्याची रास पडली. गावोगावच्या बाया आल्या, जिवनबाई सगळ्यांत आधी. शंभरावर कणसं त्यांनी मिळून निवडली, ठेंगणीही घेतली, उंचही घेतली, दाणे मिसळले आणि प्रत्येकीनं आपापला वाटा नेला. एक वाटा कागदपत्रं करून दीक्षानं मलावीला पाठवला.

उन्हाळ्यात एस्नाथचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागं शेजारणी उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात एक तांबडं कणीस होतं. फोनभोवती जनकाबाईच्या घरीही गर्दी झाली होती. जिवनबाईला तर कणीस दिसेना म्हणून तिनं फोनच ओढून घेतला. एस्नाथ हसत हसत काहीतरी म्हणाली. दीक्षानं सांगितलं, तुमचा वाटा वेगळा काढून ठेवलाय, पाठवू का, असं विचारून राहिल्या.

जनकाबाईनं फोन परत घेतला, डोळ्यांपाशी धरला आणि दीक्षानं बोलणं पोचवायची वाट बघितली नाही.

"पाठव बाई," ती म्हणाली. "मी घेते."