विरजण कुठून आणायचं

इंग्रजीच्या तासाला मॅडमनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं: रीबिल्ड. पुन्हा बांधणे. पडलेलं घर, मोडलेला पूल, इतकंच नाही तर माणसाचं आयुष्य किंवा विश्वास यांच्यासाठीही ते वापरतात, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून आपल्या गावाबद्दल त्याचं एक वाक्य सांगायचं होतं.

धाराशिवच्या कॉलेजात येऊन मला वर्ष होत आलं होतं, पण वर्गात मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. चुकलं तर हसतील, अशी भीती वाटायची.

वाक्य तसं सोपं होतं. आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. जुनं गाव मी पाहिलंय ते बाभळीत दडलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांपुरतंच. सरकारनं आमचं गाव पुन्हा बांधलं, एवढं म्हटलं तरी चाललं असतं. पण वहीवर ते लिहिताना मला संध्याकाळची विरजणाची वाटी आठवत राहिली.

नव्या गावात ज्याची त्याची शेतजमीन बघून लहानमोठी घरं मिळाली आणि जुने शेजारी गावभर पांगले. आमच्या शेजारच्या काकू पार मारुतीच्या देवळापलीकडं गेल्या. आई लग्न होऊन आली तीच या नव्या गावात. तिला हे कुठलं माहीत? तिनं भिंतीला लागून असलेल्या घरातून विरजण आणलं. दुसऱ्या दिवशी जेवताना आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, विचारलं, "सूनबाई, विरजण कुठनं आणलं?"

"शेजारनं, मामा."

"शेजार तिकडं हाय, देवळाच्या पल्याड. हितं नुसती भिंत हाय."

भिंतीपलीकडच्यांचंही तसंच होतं. त्यांचा जुना शेजार गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळं दूध तापवून झालं की गल्ल्यांमधून वाट्या निघायच्या. मी मोठी झाल्यावर आमची वाटी माझ्या हातात आली.

"आली का गं?" काकू म्हणायच्या. "तुझ्या आबाला म्हणावं, जुन्या गावापासनं विरजण नेतोय, एकदा दही तरी पाठव." असं म्हणत माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझी पाळी आली आणि मी उभी राहिले. घरं सरकारनं बांधली, शेजार मात्र आमच्या बायकांनी रोज चालत जाऊन पुन्हा बांधला, असं काहीतरी मी इंग्रजीत जुळवून म्हणाले. मागं कुणीतरी हसलं. मी खाली बसायला लागले.

"बसू नकोस," मॅडम म्हणाल्या. "चालत कशाला जायच्या, ते सांग."

विरजणाला इंग्रजी शब्द मला आला नाही. मग मी मराठीतच सांगायला लागले. तास संपला तेव्हा मी उभीच होते आणि सांगता सांगता अजून काकूंच्या दारापर्यंतही पोचले नव्हते.