पदरावरून तपासणी

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला हृदय शिकवलं. शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या, पुस्तक इंग्रजीत, बहुतेक मुली तेलुगू आणि आदिलाबादजवळच्या बेला गावाकडच्या आम्ही दोघीच मराठी. सगळ्यांना कळावं म्हणून सिस्टर मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायच्या. चार खोल्यांचं घर, मधे दारं, रक्त एकाच दिशेने जायचं आणि दार मिटलं की आवाज व्हायचा. पहिला लब, दुसरा डब. या आवाजांच्या मधे शांतता असायला हवी. ती शांतता ऐकायला शिका, आवाज काय कोणीही ऐकतं, असं त्या म्हणायच्या.

एका बाबतीत त्या फार कडक होत्या. कपड्यावरून तपासायचं नाही. पडदा ओढा, बाईला समजावून सांगा, पण स्टेथोस्कोपची नळी कातडीवर टेका. कपड्यावरून फक्त कपडाच ऐकू येतो. मग पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, डाव्या स्तनाखाली बोटांनी ठोका शोधायचा आणि तिथे नळीची वाटीसारखी बाजू अगदी हलकी ठेवायची. जोरात दाबली की खालच्या पट्टीतला आवाज निघून जातो.

संक्रांतीच्या सुट्टीत मी नळी घेऊन गावी आले आणि घरातल्या एकेकाला पकडून तपासत सुटले. माय लाजली. बाबांनी कौतुकाने छाती पुढे केली. ताई शेवटी राहिली. ती माझ्याहून थोरली आणि घरात कामचुकार म्हणून नावाजलेली. विहिरीवरून पाणी आणताना ती दोनदा टेकायची, कापूस वेचताना ओळीत सगळ्यांच्या मागे राहायची. आम्ही तिला राणीसाहेब म्हणायचो आणि तीही हसून पदर सावरायची. लहानपणी तिचे गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजायचे, ताप यायचा. मायने वात समजून बिब्याचे डाग दिले होते. ते काळे डाग अजून होते.

तिला कुशीवर वळवलं, नळी टेकवली आणि मला शांतता सापडलीच नाही. शेजारच्या घरात कोणी जातं फिरवत असावं तशी घरघर त्या जागेत भरलेली होती. मी पुन्हा ऐकलं. मग मायला ऐकलं, स्वतःला ऐकलं, परत तिला. घरघर फक्त तिच्यातच होती. हे आम्ही वर्गात शिकलो होतो. सांधे सुजवणारा तो ताप हृदयाच्या दाराला चिकटवून ठेवतो, दार पुरतं उघडत नाही आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. अशा बाईला पोट राहिलं की रक्त वाढतं आणि दार तेवढंच राहतं. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, हैदराबादला नाहीतर नागपूरला. तिथे ते दार मोकळं करतात.

मी बाबांना अंगणात गाठून हे सगळं सांगितलं. बाबा शाळामास्तर. आमच्या समाजात पहिले शिकलेले. पोरींना शिकवा म्हणून विहारात भाषणं करायचे आणि टाळ्या घ्यायचे. ताईचं लग्न ठरलं होतं, मुलगा बेल्लमपल्लीला कारकून. बाबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग म्हणाले, "हे कोनापाशी बोलली तं याद राख. जमलेलं लगन मोडाचं हाय काय तुले?"

मी हट्टच धरला तेव्हा ते आम्हाला आदिलाबादला एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेले. आमच्याकडच्या बायकांना तपासायची त्या डॉक्टरची एक रीत होती आणि ती सगळ्यांना पसंत होती. बाई स्टुलावर बसायची, सोबतची बाई तिच्या छातीवर पदर पसरून धरायची, डॉक्टर भिंतीकडे बघत नळी पदरावरून फिरवायचे. मर्यादशील माणूस म्हणून गावोगाव नाव होतं त्यांचं. मायने ताईचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरला. नव्या कोऱ्या लुगड्याची खळही गेली नव्हती. मी म्हटलं, ताईला आडवं करा, पदर बाजूला घ्या. मी काही घाणेरडं बोलले असावं तसं मायने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मला विचारलं, कितव्या वर्षाला आहेस? मग हसले आणि रक्त वाढायचं टॉनिक लिहून दिलं. अशक्तपणा, दुसरं काही नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा खूष होते. डॉक्टर मोठा का तू मोठी, एवढंच त्यांनी विचारलं. ताईला मी घरी परत सगळं समजावलं. ती म्हणाली, डॉक्टर नाही म्हणाला ना, मग सोड. तिलाही लग्न हवंच होतं. राणीसाहेब ऐकून ऐकून तीही कंटाळली असेल.

लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला आणलं आणि घरी पोचायच्या आत, वाटेतच दम लागून, ती मी शिकत होते त्या दवाखान्यात माझ्याच वॉर्डात आली. पाय सुजलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, ओठ निळे. आडवं निजवलं की जीव गुदमरायचा, म्हणून उशांना टेकवून बसवलं होतं. खोकल्यात गुलाबी फेस. आता मोठ्या डॉक्टरांनी पदर बाजूला केला तेव्हा मायने हात पुढे केला नाही. डॉक्टरांनी एकदाच ऐकलं आणि विचारलं, आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

निरोप मिळताच आलेले व्याही बाहेर व्हरांड्यात होते. त्यांनीही प्रश्न ऐकला होता. आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली, असं ते बोलू लागले. बाबा वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "माही लहान पोरगी नर्स शिकून राह्यली. काही असतं तं तिनं नसतं का सांगतलं?"

दार उघडंच होतं. मी ताईच्या हाताची नाडी धरून उभी होते. तो हात तसाच ठेवून बाहेर जावं आणि सगळ्यांसमोर बाबांना खोटं पाडावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी वळले तशी ताईने माझा हात धरून ठेवला. एका श्वासात तिला दोन शब्दही नीट येत नव्हते.

"बोलू नोको," ती म्हणाली. "मले वापस त्याइच्याच घरी जाचं हाय."

मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, बाळही गेलं. बाबांचं बोलणं मात्र व्याह्यांना पटलं होतं. निघताना त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, गुरुजी, तुमची काही चूक नाही. बाबांनी मान डोलावली.