खिडकीतून गेलेलं गाऱ्हाणं

"वशा, खरं सांग. आबांचं नाव कुणाला सांगितलंस?"

हा प्रश्न मी विचारला, हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की उठून चहा टाकायचो. आता सांगतो.

परळला एका चाळीच्या तळमजल्यावर माझी टीव्हीसाठी डॉक्युमेंटरी बनवणारी छोटी कंपनी होती. कंपनी म्हणजे मी, कॅमेरामन वसंता आणि भाड्याची एडिटिंग मशिन्स. संपानंतर अर्धवट सुरू झालेल्या एका गिरणीतून साचे, म्हणजे कापड विणायचे माग, गुपचूप विकले जात होते. तिथले एक कामगार, आबा, कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाले. संपानंतर थोड्यांनाच परत घेतलं होतं, त्यात आबा होते. नाव फुटलं तर नोकरी जाणार. म्हणून वसंताने लाइट आबांच्या पाठीमागून दिला. पडद्यावर नुसती काळी आकृती.

"साहेब, ह्यांच्या बायकोनं जरी ओळखलं, तर मी कॅमेरा सोडतो," तो म्हणाला.

शेवटी मीच आबांना गळ घातली, गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं म्हणजे मालवणी माणसं देवाला मोठ्याने घालतात ते साकडं.

"बा देवा म्हाराजा, ह्या गिरणीचो भोंगो परत वाजांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कॅमेऱ्यामागून वसंता ओरडला. राहवलंच नाही त्याला.

फिल्म दाखवायच्या आधीच आबांना गिरणीच्या गेटवर अडवलं, कामावरून काढलं. फिल्ममध्ये बोलणारे ते आबाच, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. वसंताचा मेव्हणा त्याच गिरणीच्या ऑफिसात. वसंता हळू आवाजात फोन करायचा, मी आलो की ठेवायचा. टेलिकास्ट कधी, असं सारखं विचारायचा. मला सगळं जुळत गेलं.

म्हणून तो प्रश्न. वसंताने कॅमेऱ्यावर कव्हर चढवलं. "मेव्हण्याला आबांसाठी रदबदली करायला सांगत होतो," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

समोरच्या गल्लीत खानावळ होती, गिरणीतली माणसं तिथे जेवायची. पुढे कधीतरी खानावळीच्या मावशी ताट वाढता वाढता म्हणाल्या, "त्या वेळी गणपती कधीच होऊन गेले होते, नि तुमच्या हापिसातून आबांचं गाऱ्हाणं! जेवणारे हातातला घास तसाच धरून व्हय म्हाराजा म्हणायचे."

"आबांचं? कशावरून?"

"आवो, आमच्या गणपतीला दरवर्षी तेच घालतात. सगळी चाळ ओळखते. तो गिरणीचा टायमकीपर तर विचारत होता, आबा आज तिकडे कशाला बसलेत?"

माझा घास तोंडातच राहिला. टेपवर एडिटिंग करताना एकेका कटसाठी तोच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. ए.सी. बंद पडला होता, म्हणून खिडक्या उघड्या. हेडफोनने कान तापतात, म्हणून तो खिळ्यावर. आणि आवाज इतका आवडलेला, की मी व्हॉल्यूम वाढवत गेलो होतो.

फिल्म दाखवली गेली. साचे विकले गेले ते गेलेच. आबा गावी गेले आणि तिकडेच वारले. धंद्यातला धडा एवढाच: चेहरा झाकलात, तर आधी खिडकी लावा.

वसंताकडे करी रोडला मी एकदा मुद्दाम गेलो. त्याने खुर्ची पुसून दिली.

"काय साहेब, काही काम होतं?"

"नाही रे. इकडून चाललो होतो."

चहा प्यायलो आणि उठलो.