दगडआप्पांची अमानत

आप्पांच्या दुकानात एखाद्या दिवशी साखर संपलेली असायची, पण दगड कधी संपले नाहीत. गल्ल्याच्या डाव्या हाताला तुपाचा एक रिकामा डबा आणि त्यात ओढ्यातून निवडून आणलेले, लिंबाएवढे गोल दगड. रस्त्यावरून कुत्रं चाललं की आप्पांचा हात आपोआप डब्यात जायचा. समोर गिऱ्हाईक असो, व्याही असो की मठातले महाराज असोत, आधी दगड सुटायचा आणि मग "या, बसा" व्हायचं. नेम असा की कुत्रं केकाटल्याशिवाय राहायचं नाही. गावानं त्यांचं नाव दगडआप्पा पाडलं होतं, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे.

तेलगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमची पिठाची गिरणी आणि त्यांचं किराणा दुकान समोरासमोर. आप्पा म्हणजे लिंगायत वाणी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय चहाचा घोट नाही. माणूस तिरसट, पण मापात खोट नाही. गिरणीच्या घरघरीतही ऐकू जाईल असा आवाज त्यांना देवानं दिला होता आणि तो ते राखून ठेवत नसत. कुत्र्यांबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कुत्र्याला एकदा भाकर दावली की त्ये घर धरतंय. म्हणून आधीच दगूड दावावा."

या रागाचं मूळ त्यांच्या मांडीवर होतं. लहानपणी कुत्र्यानं तिथला लचका तोडला होता. "त्या येळेला बेंबीभवती सुया टोचायचे, सुलभाबाई. बाप रोज यष्टीनं बीडला न्यायचा आन येताना वाटभर शिव्या द्यायचा. कुत्र्याला न्हाई, मला!" हे सांगताना ते पोटावर थाप मारायचे आणि पुढं अभिमानानं म्हणायचे, "पर आता आपल्याला जल्मात कुत्र्याचं इख बाधत न्हाई. औषध हाय आत." आम्ही हसायचो. ते औषध जन्मभर पुरत नाही, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? मलाही नव्हतं.

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला उठतं. मुकादमाचा ट्रक येतो, त्यात भांडी, गोधड्या, लेकरं, शेळ्या, कोंबड्या, सगळं चढतं. कुत्र्याला मात्र बहुतेक मुकादम हात आडवा करतात. मग पाच-सहा महिने ती कुत्री बंद दारांपुढं बसून राहतात. काही खंगतात, काही मरतात, काही मोकाट होतात. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की वाईट वाटायचंही बंद झालं होतं.

एका वर्षी कौसल्येच्या टोळीचा ट्रक आप्पांच्या दुकानापुढं उभा राहिला होता. कौसल्या म्हणजे पलीकडच्या वस्तीवरची, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ आणि कोयत्याला तिच्यासारखी बाई नाही. ट्रक भरेपर्यंत ती दुकानाच्या पायरीवर बसली होती, आणि तिच्या पायाशी तिची तांबडी कुत्री, चिंगी. ट्रक हलला तशी चिंगी मागं धावली. दुसऱ्या दिवशी लंगडत परत आली तेव्हा तिच्या पायांच्या गाद्या फाटलेल्या होत्या. घरी गेली नाही. कौसल्या जिथं बसली होती त्याच पायरीवर येऊन बसली.

आप्पांनी दगड मारला. बरगडीत लागला. चिंगी कळवळली, चार हात सरकली आणि पुन्हा पायरीवर आली. आप्पांनी दुसरा मारला. ती पुन्हा आली. तिसरा दगड त्यांनी उचलला, हातात घोळवला आणि डब्यात परत टाकला. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी गिरणीतूनच ओरडले, "का हो आप्पा, नेम गेला का?"

"गप बसा ओ. खांदा भरलाय माजा."

त्या वर्षी त्यांच्या घरात बोलायला माणूस उरलं नव्हतं. त्यांच्या पत्नी गिरिजाकाकू आदल्या पावसाळ्यात वारल्या होत्या आणि दोन्ही मुलं पुण्याला. आप्पांनी चिंगीला पहिल्यांदा भाकर टाकली तेव्हा मला ऐकू जाईल असं म्हणाले, "उंदरं लई झालीत दुकानात." पण कुत्री उंदरं धरत नाही हे वाण्याला कळत नसेल? थोड्या दिवसांनी ते तिच्याशी बोलताना मी ऐकलं. डाळीचे भाव, गुडघा, थोरली सून फोनवर किती तुटक बोलते, सगळं चाललं होतं, आणि चिंगी मान तिरकी करून ऐकत होती. काकू गेल्यापासून त्यांचा तो मऊ आवाज मी ऐकला नव्हता. गिरणीचा पट्टा नीट करायचं निमित्त काढून मी आत गेले आणि डोळे पुसले.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळी परतली. ट्रकचा आवाज आला आणि चिंगी उठली, ती गेलीच. मागं वळूनही पाहिलं नाही तिनं. आप्पांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "बेइमान जात!" म्हणाले आणि दोन दिवस गल्लीतल्या कुत्र्यांवर पुन्हा दगडांचा मारा सुरू झाला. पण आषाढात कौसल्या मीठ न्यायला आली तेव्हा त्यांनी पुडी बांधता बांधता विचारलंच, "ती बरी हाय ना बे?" आप्पांच्या तोंडी बाईमाणसालाही "बे" यायचं, कौसल्येनं हसून मान हलवली.

पुढच्या दिवाळीत ती आपण होऊन चिंगीला दाव्यानं बांधून घेऊन आली. बरोबर स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. "आप्पा, ह्यो खाली आथरा तिच्या. वासावर राहील ती. अमानत समजा माजी."

अमानत हा शब्द आप्पांच्या घरात वजनाचा. रझाकारांच्या धामधुमीत लोकांनी त्यांच्या आजोबांकडं भांडीकुंडी, डागदागिने ठेवले होते आणि आजोबांनी ज्याचं त्याला पोचवलं होतं, ही गोष्ट ते पूजेच्या मंत्रासारखी सांगायचे. त्यांनी दावं हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, "येशील तवा घिऊन जा." वाऱ्यावर बातमी गेली. त्यानंतर दर वर्षी टोळ्या उठायच्या आधी लोक आपापलं कुत्रं घेऊन यायला लागले, आणि प्रत्येकाबरोबर मालकाच्या अंगावरचं एक चिरगूट, कुणाचा सदरा, कुणाची टोपी, कुणाच्या लेकराचं झबलं. परसात भिंतीच्या कडेनं ती चिंध्यांची रांग आणि तिच्यावर पसरलेली कुत्री. दगडांचा डबा कधी नाहीसा झाला ते माझ्या लक्षातच आलं नाही.

माझ्या गिरणीत खाली सांडलेलं, कडेला उडालेलं पीठ रोज झाडून मी त्यांना द्यायची. त्याच्या जाड भाकरी आप्पा स्वतः थापायचे, वाकड्यातिकड्या. पूजा झाली की आधी परसात भाकरी, मग स्वतःचा चहा. मांसाचा तुकडा काही त्या घरात यायचा नाही. टोळ्या परतल्या की माणसं चिडवायची, "आप्पा, तुमी आमच्या कुत्र्याला बी लिंगायत केलं! हाडूक दिलं तर त्वांड फिरवतंय." आप्पा खूश व्हायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "आप्पा, भाकर दावली की घर धरतंय म्हणायचा तुमी." त्यावर ते म्हणाले, "धरतंय की. पर घर मोकळं होतं, म्हणून धरू दिलं."

मागच्या संक्रांतीनंतर गावात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. लाळ गळत, मान खाली घालून ते रस्त्यानं आलं, एका वासराला चावलं, दोन-तीन कुत्र्यांशी झोंबलं आणि शेवटी लोकांनी ते काठ्यांनी मारलं. आप्पांची दोन कुत्री त्या वेळी रस्त्यावर होती आणि त्यांत चिंगी होती. अंगावर जखम कुणालाच दिसली नाही. तरी माणसं काठ्या घेऊन आप्पांच्या दारात आली. आप्पा परसाच्या दारात आडवे उभे राहिले.

"ही माजी न्हाईत. माजी असती तर म्या काय बी केलं असतं. ज्यांची हायती त्ये उसात हायती. मालक येऊस्तोर हात लावायचा न्हाई."

उपसरपंच भीमराव शहाणा माणूस. त्याला दोन नातवंडं, आणि दोन्ही त्याच गल्लीत खेळणारी. तो म्हणाला, "आप्पा, बांधून ठिवा. जनावराच्या डाक्टरला बोलवून सुया द्या. पर येकानं जरी मानसाला दात लावला, तर समदी जातील. कबूल?"

"कबूल," आप्पा म्हणाले. डॉक्टर येऊन सुया देऊन गेला. त्या दिवसापासून आप्पा परसात दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देईनात.

महाशिवरात्रीनंतर त्यांच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली दिसली. बाहेर हळद आणि चुना आलेला. मी विचारलं तर म्हणाले, "डब्याचा पत्रा लागला." वाण्याचा हात पत्र्यानं कापणं ही काय नवलाची गोष्ट आहे? चिंधी सुटली, जखम भरली, आप्पा पुन्हा भाकरी थापायला लागले. फक्त थोडे गप्प झाले होते. परसात किती कुत्री आहेत हे मोजायला कुणीच जात नव्हतं.

पाडव्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी ते गिरणीत आले, अंगात कणकण आहे म्हणाले आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यांनी तो तोंडाशी नेला आणि त्यांचा गळा असा आवळला की तांब्या हातातून पडला. खाली पसरलेल्या पाण्याकडं ते पाहत राहिले. मग रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि आतून शटर ओढून घेतलं. मी धावत गेले.

"जवळ येऊ नगा, सुलभाबाई," आतून आवाज आला. तो राखून न ठेवलेला आवाज पार बसला होता. "चिंगी व्हती. शिवरातीला दूध ठिवत व्हतो, चावली. चार दिसांत मेली. परसातच पुरली तिला."

"आवो मग दवाखान्यात कावून गेला न्हाईत?"

"औषध हाय की पोटात, असं वाटलं. आन गेलो असतो तर कुनाचं कुत्रं म्हणून इचारलं असतं. गावात कळलं असतं. समदी गेली असती. बाकीची बरी हायती. महिना झाला, चांगली खात्यात. त्यांचा काय गुन्हा? आन कौसल्येला सांगू नगा कुनाची व्हती. ती जल्मभर मनाला लावून घील."

तेलगावच्या दवाखान्यात जाऊन चार सुया घ्यायच्या होत्या. फुकट मिळतात त्या. दगड मारणाऱ्या आप्पांना कुत्र्यानं नुसता ओरखडा काढला असता तरी ते बीडपर्यंत पळत गेले असते. माया लागली आणि भीती गेली, आणि भीतीबरोबर अक्कलही गेली. मला त्यांचा इतका राग आला होता की मी शटरवर दोन्ही हात आपटले.

मी पुण्याला फोन लावला आणि उतरत्या दुपारी त्यांची मुलं गाडी घेऊन आली. सगळं गाव लांब उभं होतं. दोघांनी धरून आप्पांना गाडीत बसवलं, तेव्हा त्यांना भीमराव दिसला. वाऱ्याची झुळूक आली तरी अंगाला झटके येत होते, तरी त्यांनी बोलायची धडपड केली.

"भीमराव, शबूद दिलता म्या. पर मला मानसात धरू नगा. मी त्यांच्यातलाच हाय म्हना. मग कुत्र्यानं मानसाला चावलं, असं व्हत न्हाई."

भीमरावनं उपरण्यानं तोंड झाकलं. गाडी गेली.

बीडच्या डॉक्टरांनी मुलांना सांगितलं की आता हातात काही नाही. दोन-तीन दिवसांत आप्पा गेले. त्यांना गावी आणून लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे बसवून पुरलं. त्यांच्या तोंडाकडं मी पाहिलं नाही, पाहवलं नाही. परत आलो तर परसातून आवाज नव्हता. आम्ही सगळे मातीला गेलो असताना कुणीतरी भिंतीवरून पिठाचे गोळे टाकले होते. सगळी कुत्री आपापल्या चिंधीवर, नाहीतर चिंधीच्या जवळ, ताठ होऊन पडली होती. लेकरांच्या जिवाची भीती मला कळते. मलाही लेकरं आहेत. पण आम्ही मातीहून परत येईपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही, हे मी माफ करू शकत नाही. भीमरावनं देवाची शपथ घेतली की त्याचा हात नाही. मी ऐकून घेतलं.

आठवड्याभरात टोळ्या उतरल्या. डोक्यावरचं बोचकं न उतरवता माणसं नेहमीसारखी थेट दुकानावर यायची आणि बंद शटरपुढं उभी राहायची. मी रस्ता ओलांडून जायची आणि सांगायची. कुणी शिव्या दिल्या, कुणी खाली बसलं. कौसल्या सगळ्यांत शेवटी आली. तिनं कुत्रीचं नावही काढलं नाही. "आप्पा कुठं हायती?" म्हणाली.

मी सगळं सांगितलं. पिसाळलेलं कुत्रं, काठ्या, गाडी, पिठाचे गोळे. चिंगीही त्यातच गेली, असं मी म्हणाले. ती पायरीवर बसून ऐकत होती, ऊस तोडून काळे पडलेले हात मांडीवर ठेवून. मग तिनं वर पाहिलं.

"पर आप्पाला चावलं कुनाचं?"

"मोकाट होतं," मी म्हणाले. "बाहेर गावचं."

कौसल्येनं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. "लई बरं झालं बाई. आपल्यातलं असतं तर म्या कुठल्या तोंडानं जगले असते?"

"चहा घेतेस का?" मी विचारलं. ती हो म्हणाली. मी आत जाऊन आधण ठेवलं आणि ते उकळून निम्मं होईपर्यंत तिथंच उभी राहिले.