ताईचा फोटो कोणी पाहावा

माझं काम लोकांले समजावून सांगायचं म्हणजे कठीणच. कंपन्या आपला सगळा डेटा दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर भाड्यानं ठेवतात, त्याले म्हणायचं क्लाऊड. तिथं कुठं कुठं भोकं राहून गेली ते मी शोधतो, आणि त्यातलं कोणतं आधी बुजवायचं ते ठरवतो. बस, एवढंच. घरूनच करतो, तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून. आईले वाटते मी दिवसभर चॅटिंग करून राहिलो.

पण त्या रविवारी मागच्या खोलीत ताई बसली होती, आणि तिचा फोन पलंगावर पालथा पडला होता. वाजून राहिला, थांबून राहिला, पुन्हा वाजून राहिला.

ताई शाळेत शिकवते. लग्न मोडून घरी परत आली त्याले आता बराच काळ झाला. इतके दिवस लग्नाचा विषय काढला की ती उठून जायची. या वेळी आमच्या मराठी मंडळाचा लग्नाळू पोरा-पोरींचा परिचय मेळावा होणार होता, अन् कशी कोण जाणे, तिनं स्वतःहूनच मंडळाच्या साईटवर माहिती भरली. फोटो टाकला. पहिलं लग्न काहून मोडलं तेही लिहिलं. मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणाले होते, "खरं लिही बेटा, आपलेच लोक आहेत." तिनं खरं लिहिलं.

आता कोणीही फोन करून राहिलं होतं. एकानं तर घराचा पत्ता म्हणून दाखवला आणि विचारलं, "पहिल्यात काय प्रॉब्लेम होता, मॅडम?"

"पत्ता तर मी फक्त साईटवर भरला होता," ताई म्हणाली.

मी तसाच काकांच्या दुकानात गेलो. त्यांचं बांगड्या-पिनांचं दुकान आहे, गिऱ्हाईक उभंच होतं. म्हटलं, काका, साईटचा पासवर्ड पाहिजे. काकांनी काउंटरवरून, अख्ख्या गल्लीले ऐकू जाईल असा, एक एक अक्षर करून सांगितला. बांगड्या पाहणाऱ्या बाईनंही ऐकला. मी म्हटलं, "काका, हळू!" तर म्हणे, "अरे इथं कोण परका आहे?"

घरी येऊन तपासणीचं टूल लावलं. लालच लाल, म्हणजे सगळ्यात धोक्याचं! जुनं सॉफ्टवेअर, लाल. अपडेट नाही, लाल. लाल पाहिलं की माझे हात आपोआप धावतात, खरं सांगतो. पण नीट पाहिलं तर त्यातलं बरंचसं एका चाचणीच्या मशीनवर होतं, आणि ती कधीचीच बंद पडलेली. तिथपर्यंत कोणी पोचूच शकत नव्हतं. आणि खूप खाली, कमी धोक्याच्या पिवळ्या रंगात, एक साधी ओळ होती: फोटो आणि माहितीचं फोल्डर सगळ्यांसाठी उघडं. लिंक असली की झालं. ना पासवर्ड, ना काही.

टूलले काय माहीत की त्या फोल्डरमध्ये माझी ताई आहे.

काकांले फोन करून विचारलं, हे उघडं कोणी ठेवलं? "मीच ठेवायला लावलं," काका म्हणाले. "बिलासपूरच्या काकूले पासवर्ड लक्षात राहत नाही, दुर्गच्या मावशीले ओटीपी समजत नाही. व्हॉट्सअपवर लिंक टाकली की फोटो पटकन दिसला पाहिजे. आपल्याच लोकांत कुलूप लावाचं, बरं दिसते का?"

मी सगळं लाल तसंच सोडून आधी ते पिवळं बंद केलं.

मग काय! फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. थोड्याच वेळात दुर्गच्या मावशीचा फोन. "काहून रे पोट्ट्या, साईट बिघडवली का? चांगला पोरगा पाहून राहिली होती मी भाचीसाठी!" तिच्या मागून काका. "बेटा, मेळावा तोंडावर आला. एक काम कर, तुझ्या ताईचं तेवढं काढून टाक, बाकीचं चालू कर. बात खतम."

मी 'हव' म्हणणारच होतो. ताईचे फोन बंद झाले असते, मले तेवढंच पाहिजे होतं. पण फोन स्पीकरवर होता, आणि ताई दारात उभी.

"आणि बाकीच्या पोरी?" ती म्हणाली. "अन् माझं काहून काढता, काका? मी काही लपाले नाही बसली. कोण पाहून राहिलं ते मले आधी समजलं पाहिजे, बस."

काका हळूच म्हणाले, "बरोबर आहे बेटा."

दुपारभर तेच बनवत बसलो. कोणाले फोटो पाहायचा असला तर आधी त्यानं आपलं नाव-गाव पाठवायचं. ज्याचा फोटो, त्यानं हो म्हटलं तरच लिंक जाईल, आणि ती लिंक काही वेळानं मरून जाईल. मावशीले फोनवर तीनदा समजावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे घरी जायच्या आधी विचारायचं, असंच ना? मग तसं सांग ना, बावळ्या!"

एक गोष्ट ताईले सांगायची राहिली होती, आणि ती सांगायले मले जमून नव्हतं राहिलं. कोणी कोणी पाहिलं याची नोंद ठेवायची सेटिंगच बंद होती. जे आधी बाहेर गेलं ते आता परत येणार नाही, आणि कोणाकडे गेलं तेही कधी समजणार नाही. शेवटी सांगून टाकलं. तिनं पलंगावरचा फोन उचलून बंद केला. मग म्हणाली, "नंबर बदलून घेऊ. तू चहा घेतला का?"

दोन-चार दिवसांनी तिच्या फोनवर पहिली विचारणा आली. तिनं वाचली. पुन्हा वाचली. मी मान लांब करून पाहून राहिलो होतो.

"तू जा ना इथून," ती म्हणाली, पण हसून.

मी स्वयंपाकघरात गेलो. आईनं पोळी लाटता लाटता विचारलं, "कोण आहे रे? काय म्हणाली ताई?"

"माहीत नाही."

"असं कसं? तूच बनवलं ना ते? तुले तर सगळं दिसत असंन."

"दिसत होतं," मी म्हटलं. "आज सकाळीच मले दिसणं बंद करून टाकलं."